आत्याच्या ट्रकचे मोठे टायर

बाबांना ट्रकचा असा पुळका याआधी कधी आला नव्हता. ट्रक आत्या चालवायची, खाणीतून खडी आणायची. टायर गोल असतो, यापलीकडे बाबांचं त्यातलं ज्ञान गेलं नव्हतं. आणि आज टायरच्या दुकानात हेच बाबा छाती काढून सांगत होते, “आहेत त्या मापाचे नकोत. मोठे टाका. खाणीच्या रस्त्यावर ट्रकचं पोट घासतं.”

“कधी घासलं?” आत्याने विचारलं.

“घासेल ना कधीतरी.”

सोबत आलेल्या बाबांच्या लेकीने, चिमणीने, कान टवकारले. कारण त्यांच्या घरात नको ती गोष्ट सरळ तोंडाने सांगायची पद्धतच नव्हती. तरुणपणी बाबांनी मोटरसायकल घेतली, ती आजोबांना खुपली. आजोबा चकार शब्द बोलले नाहीत. रोज पहाटे गुपचूप चाकातली हवा काढत राहिले. खरं काय ते कळेपर्यंत बाबांनी वैतागून गाडी विकलीसुद्धा होती. अशा बापाचा हा लेक.

शिवाय परवाची ती सीट. आत्या ट्रकमध्ये बसली, तर सीट पार मागे सरकलेली. बाबा म्हणाले, “झाडताना सरकली असेल.” बाबा आणि झाडू! पलीकडच्या गल्लीतला लंबू ड्रायव्हर मात्र त्याच दिवशी अंगणातून बाहेर पडताना चिमणीने पाहिला होता.

“मोठ्या टायरवर ट्रक कसा रुबाबदार दिसतो, ताई,” टायरवाला म्हणाला. “तो बघा, कालच बसवलेत.”

कोपऱ्यात तसाच एक ट्रक उभा होता. चिमणीची नजर टायरवरून वर सरकली आणि दरवाजाखालच्या पायरीवर अडकली. पायरी चांगली चार बोटं उंच गेली होती. तिने आत्याच्या गुडघ्याकडे पाहिलं.

“आत्या,” ती शक्य तितक्या भोळेपणाने म्हणाली, “त्यात चढून बघ ना जरा.”

“कशाला उगाच,” बाबा घाईने म्हणाले.

झालं. ती घाई बघूनच आत्याने पदर खोचला. दांडी धरली, पाय उचलला. ऑपरेशन झालेला गुडघा अर्ध्यावर थबकला. तिने पुन्हा जोर लावला. पाऊल पायरीच्या कडेला घासून खाली आलं.

टायरवाल्याला एकदम एक नट फारच महत्त्वाचा वाटू लागला. बाबा छताकडे बघत होते.

आत्या तळवे पुसत म्हणाली, “दादा, हवाच काढायची होतीस ना. तेवढ्यावर भागलं असतं.”

“जिन्यात दर दोन पायऱ्यांनी थांबतेस,” बाबा पुटपुटले. “मी बघतो रोज.”

“बघतोस. विचारत नाहीस. लंबूला मात्र माझ्या सीटवर बसवून पाहिलंस.”

बाबांना हे तिला ठाऊक असेल असं वाटलं नव्हतं. चिमणीलाही नाही.

“गुडघा माझा आहे,” आत्या म्हणाली. “थकला की मी सांगेन तुला. तोंडाने.” मग ती टायरवाल्याकडे वळली, “तोवर कंपनीच्याच मापाचे टाक रे, भाऊ.”

टायर बसले. आत्या आपल्या ट्रकपाशी गेली. बाबांनी तिच्या कोपराखाली हात धरला. तिने तो झटकला आणि चढली, हळू, पण चढली. बाबा निमूटपणे शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

इतक्या सहज?

चिमणी खालीच थांबली. ट्रकला फेरी मारत तिने प्रत्येक टायरला एकेक लाथ घातली, वाकून कान लावून ऐकलं, आणि मगच वर चढली.