टेलरमास्तरांच्या काळजातलं बिऱ्हाड

मी जंतू बोलतोय. नाक कशाला मुरडता? तुमच्याही तोंडात माझी भावकी सुखानं नांदते आहे.

माझा जन्म एका टेलरमास्तरांच्या हिरडीत, किडक्या दाढेशेजारी. मास्तर कपड्यावर एक सुरकुती खपवून घ्यायचे नाहीत, पण दात घासायचे ते उपकार केल्यासारखे. दाढेत काही अडकलं की गिऱ्हाइकाच्या कॉलरची टाचणी काढायची आणि कोरत बसायचं. बायको ओरडायची, "अहो, तुमची हृदयाची झडप लहानपणापासून अधू. डॉक्टरांनी दात जपायला सांगितलंय ना?"

"दातांचा आणि हृदयाचा काय संबंध? काहीतरीच तुझं!"

संबंध मी जोडला. एकदा टाचणी खोल गेली, रक्त आलं आणि मी त्यातून थेट हृदयात पोचलो. निरोगी हृदयाचं अस्तर भलतंच गुळगुळीत असतं हो, आमच्यासारख्याला पाय टेकायला जागा नाही. पण मास्तरांची झडप खरखरीत, वर गोठलेल्या रक्ताचा पातळ पापुद्रा. मी त्याला असा चिकटलो की रक्ताचे लोंढे येऊनही हललो नाही. मग पोरंबाळं झाली. वर गुठळीचंच पांघरूण ओढलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी नुसत्या बाहेरून धडका देत राहिल्या.

मास्तरांना संध्याकाळी कणकण येऊ लागली. त्यांनी मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या काढल्या, दोन दिवस घेतल्या, बरं वाटताच बंद केल्या. असा यजमान मिळायला भाग्य लागतं! आमच्यातले लेचेपेचे तेवढे गेले.

शेवटी एकदा जिना चढताना मास्तर पायरीवरच बसले. धाप थांबेना. बायकोनं ओढतच इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, हृदयाची तपासणी केली. "झडपेवर जंतू बसलेत. कित्येक आठवडे शिरेतून औषध घ्यावं लागेल. मध्येच सोडलंत तर जिवावर बेतेल."

आता थेंब थेंब औषध उतरतंय. माझी पोरंबाळं संपली. सगळी भिस्त मास्तरांवर. आज त्यांचा ताप उतरला आणि ते म्हणालेच, "बरं वाटतंय की! काढा ही सुई, दुकानात कपडे पडलेत."

शाब्बास मास्तर! मी जीव मुठीत धरून ऐकत होतो.

बायकोनं त्यांचा हात घट्ट धरला. एवढी वर्षं ओरडणारी ती बाई रडत म्हणाली, "या वेळी तरी ऐका हो माझं. तुम्ही गेलात तर मी ओरडू कुणावर?"

मास्तरांनी डोकं परत उशीवर टेकवलं. सुई जागच्या जागी राहिली.

वाचकहो, माझं संपलं. पण तुमच्याही घरात उरलेल्या गोळ्यांचा डबा असेल ना? तेवढा जपून ठेवा. माझ्या भावकीची सगळी मदार आता तुमच्यावर आहे.