शाल आणि पंधरा अक्षरं

'अंकुशराव मास्तर लई साधा माणूस' असं कुणी म्हणलं की माझं डोस्कं उठतंय. साधा म्हणं! साधा न्हाई, भित्रा हाय मी, अन् वरनं मानाचा हावरा. ऐका, सांगतो.

कर्नाटकात, आळंद तालुक्यातल्या कडगंचीच्या पलीकडं आमचं खेडं. तिथं सातवीपर्यंत मराठी शाळा, अन् त्या शाळेत मी, एकवीस वर्षं झाली. सातवीनंतर पोरींच्या शिक्षणाला रामराम. कमलबाईची पंचशीला यंदा सातवीत व्हती. कमलबाई दुसऱ्याच्या तुरीत खुरपायला जाती, नवरा न्हाई. तिनं मला तोंडावर सांगितलं व्हतं, "मास्तर, पुढची काई सोय झाली तर शिकवते. न्हाईतर जूनला सोलापूरला मामीकडं धाडते, करील चार घरची धुणीभांडी."

तेवढ्यात आळंदच्या एका इंग्रजी शाळेनं खेड्यातल्या पोरांसाठी स्पर्धा काढली. फळ्यावर चार इंग्रजी अक्षरं लिहायची. ती चारी ज्यात येत्यात असा लांबात लांब इंग्रजी शब्द दहा मिनिटांत शोधायचा. ज्याचा शब्द सगळ्यात लांब, त्याला दहावीपर्यंत शाळा अन् हॉस्टेल फुकट. जागा एकच.

मी पोरीला घेऊन बसलो. माझ्याकडं एक जाडजूड डिक्शनरी हाय. कडगंचीला युनिव्हर्सिटीची पोरं कोर्स संपला की पुस्तकं रद्दीत घालत्यात, तिथनं उचललेली. पोरीला एकच युक्ती शिकवली. म्हणलं, "शब्दाच्या मागं पळू नको. पळणारं वासरू धरतो तसं शेपटी आधी धर. शेवटाला 'नेस' लागतंय का बघ, 'शन' लागतंय का बघ, मग पुढचं जुळव." पोरगी भलती तल्लख. तूर राखायला बसली तरी तोंडात शब्दच. दोन महिन्यांत दोनशे पानी वही भरली तिनं.

मग शाळेकडनं निरोप आला, पंच म्हणून खेड्यातला एक मराठी मास्तर पायजे, तुम्हीच या. मी शिकवलेली पोरगी स्पर्धेत हाय, मी नको, असं म्हणायला पायजे व्हतं. म्हणलो न्हाई. उलट नियमबी मीच सुचवला, डिक्शनरीत दिसल तोच शब्द धरायचा. मला वाटलं, खेड्यातल्या पोरीच्या शब्दावर कुणी बोट ठेवलं तर पुस्तकच साक्ष देईल. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

स्पर्धेच्या दिवशी कमलबाईबी संगं निघाली. सकाळी बस गाठताना पंचशीला म्हणली, "सर, आपली डिक्शनरी घ्या. कुणी न्हाई म्हणलं तर दाखवाय व्हईल." मी पिशवीत घातली.

आधी सत्कार झाला. संस्थेचे अध्यक्ष सिद्धप्पा अण्णा, आळंदच्या बाजारातले तुरीचे मोठे व्यापारी. त्यांनी स्वतः मला फेटा बांधला, शाल पांघरली, हातात नारळ दिला. एकवीस वर्षांत मला कुणी नारळ सोडा, खोबऱ्याचा तुकडा दिला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सांगायला लाज वाटती, पण डोळे भरून आले माझे. अन् आमच्याकडं रीत हाय. ज्याच्या हातची शाल अंगावर, त्याच्या मांडवात त्याला खाली बघायला लावायचं न्हाई. भांडायचंच असलं तर शाल घरी ठेवून यावं अन् मग भांडावं.

फळ्यावर अक्षरं पडली. जी, एच, बी, एल. पोरांनी मुंड्या खाली घातल्या. त्यात सिद्धप्पा अण्णांचा नातू अरुणकुमारबी बसलेला. कलबुर्गीला भारी शाळेत शिकतो तो, त्याला फुकटच्या जागेचं काय करायचं? पण हौस! अन् अध्यक्षांच्या नातवाला अडवतंय कोण? त्यानं लिहिलं 'लाफेबल', नऊ अक्षरं. म्हणजे हसण्याजोगं. बाकीच्यांचे त्याच्याहून आखूड. अन् पंचशीलानं लिहिलं 'नेबरलीनेस'. पंधरा! म्हणजे शेजारधर्म. शेपटी धरून बरोबर ओढून आणला व्हता पोरीनं. माझा ऊर भरून आला.

विजयश्री मॅडम त्या शाळेच्या इंग्रजीच्या बाई. त्यांच्यापुढं शाळेची बारकी डिक्शनरी व्हती. त्यांनी पानावर बोट फिरवलं. "नेबर हाय. नेबरहुड हाय. हे न्हाई." परत एकदा बघितलं. बाई खोटी नव्हती हो, तिच्या पुस्तकात नव्हताच तो शब्द. तिनं सरळ मला विचारलं, "सर, तुम्ही सांगा. असा शब्द हाय का?"

सिद्धप्पा अण्णा हसले. "मास्तर म्हणतील तसं. आज ते आपले पाहुणे," म्हणले अन् माझ्या खांद्यावरची घसरलेली शाल नीट केली. धमकी न्हाई, डोळे वटारणं न्हाई. एवढंच केलं त्यांनी.

पिशवी माझ्या खुर्चीखाली व्हती. पंचशीला पहिल्या रांगेत बसलेली. ती माझ्याकडं बघत नव्हती, पिशवीकडं बघायली व्हती. तो शब्द कुठल्या पानावर हाय हे तिला ठाऊक, मलाबी ठाऊक. नुसतं वाकायचं, पुस्तक काढायचं अन् दाखवायचं. मी पाय मागं घेतले अन् टाचेनं पिशवी आत सारली.

"नियम म्हणजे नियम," मी म्हणलो. "पुस्तकात न्हाई, म्हणजे न्हाई."

काय टाळ्या पडल्या! जळो माझं तोंड.

परतीच्या बसमधी पंचशीला खिडकीशी, मधी कमलबाई, कडेला मी. शाल अंगावर तशीच. कडगंची जवळ आली तशी पोरीनं आईच्या पुढनं वाकून विचारलं, "सर, माझा शब्द चुकला व्हता का?"

बरोबर व्हता म्हणलो असतो, तर मग गप कामून बसलात, हेबी सांगावं लागलं असतं.

"व्हय," मी म्हणलो. "चुकला व्हता."

तिनं मान हलवली. माझ्यावर विश्वास न्हाई ठेवायचा तर कुणावर ठेवायचा लेकरानं? दप्तरातनं वही काढली, पान काढलं, पट्टी ठेवून तो शब्द खोडला. मग खालचा खोडला. मग त्याच्या खालचा. बस हादरायली व्हती, तरी रेघ सरळ. 'नेस'वाले समदे शब्द एकेक करून खोडत गेली ती.

कमलबाईला अक्षर वळखू येत न्हाई. तिनं माझ्या शालीचा काठ दोन बोटांत धरून बघितला.

"लेकराचं ऱ्हाऊ द्या, मास्तर," ती म्हणली. "नशीब तिचं. तुमचा तरी मान झाला."