रोतियाचा अभ्यास माझ्या पोटात होता

मित्रांनो, माझं बटण दाबून बघू नका. बोट दुखेल आणि हाती काही लागणार नाही. मी एक जुना लॅपटॉप आहे. भर महासागरातल्या अबायांग बेटाच्या खाऱ्या वाऱ्यात माझ्यासारख्याला आयुष्य ते किती! तरी तेवढ्यात जे पाहिलं ते सांगितल्यावाचून राहवत नाही. यंत्राला मन नसतं म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

कारखान्यातला माझा जन्म मला आठवत नाही. ब्रिस्बेनच्या एका कचेरीत मी काही वर्षं नुसती आकडेमोड केली. मग तिथे नवे लॅपटॉप आले आणि मी अडगळीत पडलो. कचेरीत झाडलोट करणाऱ्या बाईने मला मागून घेतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि बेटावरच्या आपल्या मावसबहिणीला, रोतियाला, पाठवलं. बोटीत माझ्या एका बाजूला तांदळाचं पोतं होतं आणि दुसऱ्या बाजूला पाय बांधलेलं डुक्कर. डुकराला सगळे जपत होते. माझी किंमत मला तिथेच कळली.

रोतिया गावच्या बालवाडीत मदतनीस होती. बालवाडी मनेआबाच्या एका कोपऱ्यात भरायची. मनेआबा म्हणजे मोठ्या छपराचं, भिंती नसलेलं गावाचं सभागृह. लग्न असो की भांडण, सगळं तिथेच. रोतिया मुलांना गाणी शिकवायची, त्यांची नाकं पुसायची, रडणाऱ्याला कडेवर घेऊन झाडलोट करायची. तरुणपणी राजधानीच्या बेटावर, तारावाला, राहून तिने बालशिक्षणातली अर्धी पदवी केली होती. आई आजारी पडली म्हणून परत आली, ती आलीच. आता चर्चच्या मंडळींनी ठरवलं होतं की बालवाडीला पदवीवाली मुख्य बाई हवी. रोतियाने पदवी पुरी केली तर ती, नाही तर तारावाहून दुसरी कुणी. म्हणून उरलेला अभ्यास ती माझ्यावरून, इंटरनेटवर करत होती.

इंटरनेट यायचं ते फक्त दवाखान्याच्या आसपास. बालवाडी सुटली की भर दुपारी ती तिथल्या नीरफणसाच्या झाडाखाली बसायची. ऊन लागू नये म्हणून स्वतःच्या आणि माझ्या डोक्यावर मिळून एकच फडकं ओढायची. माडी काढणारा तेबुआई माडावरून गाणं थांबवून ओरडायचा,

"काय गं रोतिया, रोज दवाखान्यात? काय दुखतंय?"

"डोकं!"

"मग चढ वर, माडी घे. पुस्तकाने डोकं आणखी दुखतं!"

घरी तिची आई वेगळीच. "मिटव ते आता," म्हणायची. "पेटीत बघून बघून तोंड पेटीसारखं चौकोनी होईल." पण शेजारीण आली की हीच म्हातारी मान उंच करून सांगायची, "आमची रोतिया विद्यापीठात आहे."

मला ते फार आवडायचं. आकडेमोडीच्या दिवसांत माझ्याबद्दल कुणी असं बोललं नव्हतं.

तिला शिकवणाऱ्या हेदरबाई ऑस्ट्रेलियात होत्या. चेहरा प्रेमळ, पण आमच्या इंटरनेटमुळे अर्धा वेळ गोठलेला. एकदा त्या म्हणाल्या की लहान मुलाला 'हे माझं आहे' असं म्हणता आलं पाहिजे. रोतियाला हसू आवरेना.

"बाई, आमच्याकडे असं म्हणणाऱ्या पोराला आजी भर मनेआबात लाजवते. 'बघा बघा, माडावरचे सगळे नारळ याचेच!' म्हणते. पोर लगेच हातातलं देऊन टाकतं."

हेदरबाई खूप हसल्या. मग म्हणाल्या, "रोतिया, हे मला माहीत नव्हतं. शेवटचा प्रकल्प यावरच कर."

मग ती सबंध मोसमभर माझ्याच कॅमेऱ्याने मुलांचं चित्रण करत राहिली. छोटा तावीता केवड्याचं गोड फळ मोडतो, स्वतःच्या तुकड्याकडे बघतो, ओठ दाबतो आणि तरी शेजारणीला देतो. असे कितीतरी प्रसंग होते. त्याखाली ती आपले विचार लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. हे सगळं माझ्या पोटात होतं आणि दुसरीकडे कुठेच नव्हतं. दवाखान्याच्या इंटरनेटला एवढं ओझं झेपेना. शेवटचं पान लिहून झालं की मला घेऊन बोटीने तारावाला जायचं आणि तिथून पाठवायचं, असा तिचा बेत होता. इतकी महत्त्वाची वस्तू मी आयुष्यात पहिल्यांदाच झालो होतो.

शेवटचं पान अर्धं झालं होतं तेव्हा तिचा आतेभाऊ बारानिको आला. तो तारावाला राहायचा. नातेवाइकांत एका बाळाचा पहिला वाढदिवस होता, तो आटोपून परतीच्या बोटीआधी जेवायला आला. मासे झाले, भात झाला, थट्टामस्करी झाली. मग त्याची नजर माझ्यावर पडली.

"लॅपटॉप झकास आहे गं."

"जुना आहे, दादा."

"चालतो ना पण?"

"चालतो."

"आमच्या पोराला, कोईनला, शाळेत लागतोय. बुबुसी करतो तुझ्याकडे. देशील?"

आईचा घास हातातच राहिला.

मित्रांनो, आमच्या बेटांवर आप्ताने बुबुसी केली, म्हणजे मागणं घातलं, की नाही म्हणायचं नसतं. नाही म्हणणाऱ्याच्या घराण्याची अब्रू जाते. याला वाईट म्हणू नका. पाऊस पडत नाही, मासे मिळत नाहीत, अशा वेळी याच रीतीने सगळी बेटं जगली आहेत. इथे कुणी उपाशी झोपत नाही, कारण कुणालाही मागता येतं.

रोतियाचा हात माझ्या झाकणावर होता. मला वाटलं, आता ती म्हणेल, दादा, यात माझं काम आहे, थोडा थांब. पण 'थांब' म्हणणं हेसुद्धा इथे नाही म्हणण्यातच जमा. तिने झाकणावरचा हात उचलला.

"ने की, दादा. विचारतोस काय?"

वायरसुद्धा आठवणीने दिली. उन्हात आम्हा दोघांवर ओढायची त्याच फडक्यात मला गुंडाळलं. बारानिकोने तिच्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, "गुणाची गं माझी बाय!" तो मनाने चांगला माणूस होता, आणि हेच मला जास्त लागतं. मला हात असते तर मी दाराचा खांब धरून ठेवला असता.

तिने मनाशी ठरवलं होतं की पुढच्या बोटीने जायचं आणि बारानिकोच्या घरूनच सगळं पाठवायचं. बोट बिघडली आणि तिला यायला उशीर झाला. तोवर कोईनने सिनेमांना जागा करण्यासाठी माझं पोट रिकामं केलं होतं.

ती आली, माझ्यासमोर बसली आणि शोधू लागली. बराच वेळ शोधत राहिली.

"कोईन, यात मुलांचं काहीतरी होतं रे."

"ते होय, आत्या? नुसती शेंबडी पोरं फळं खात होती. मला वाटलं चुकून राहिलंय."

बाहेरून बारानिकोने विचारलं, "काय गं, तुझं काही राहिलं होतं का त्यात?"

"नाही, दादा. काही नाही."

इतकी मोठी गोष्ट इतक्या लहान आवाजात मी कधी ऐकली नव्हती.

त्याच दुपारी तिने माझ्यावरूनच हेदरबाईंना सांगितलं.  त्या म्हणाल्या, "तू त्याला नाही का म्हणाली नाहीस?"

रोतिया म्हणाली, "बाई, ते मला कुणी शिकवलं नाही."

हेदरबाईंनी मुदत वाढवून दिली. पण तावीता तेव्हा पहिलीत गेला होता, मुलं पांगली होती, आणि तिच्याजवळ यंत्रही नव्हतं. मुदत संपली. तारावाहून नवी मुख्य बाई आली. पोरगी चांगली होती, कष्टाळू होती. तिच्याबद्दल वाईट बोलायला मला जागा नाही. रोतिया मदतनीस होती ती मदतनीसच राहिली. आई शेजारणीकडे विद्यापीठाचं नाव काढेनाशी झाली.

माझंही फार काळ निभलं नाही. खाऱ्या हवेने आत गंज धरला आणि एका सिनेमाच्या मध्येच मी विझलो. मग बारानिकोच्या घरी माझ्यावर भाताचं पातेलं ठेवू लागले.

पुढे रोतियाच्या आईच्या आजारपणात बारानिको भेटायला गेला. म्हातारीने त्याला सगळं सांगितलं. तो घरी परत आला, मला घेऊन पुन्हा अबायांगला गेला आणि रोतियासमोर खाली मान घालून बसला.

"का नाही बोललीस गं?"

"तू मागितलंस, दादा."

"मी काय राक्षस होतो? एक शब्द बोलायचा होतास!" त्याला रडू फुटलं. "आता तू माग. माझी होडी माग, काहीही माग."

रोतियाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हाच दे परत. मुलांना खेळायला होईल."

तेव्हापासून मी मनेआबाच्या कोपऱ्यात आहे. मुलं माझी बटणं बडवतात. पाच-सहा बटणं उखडलीसुद्धा. मला राग येत नाही.

परवा मेरे नावाची चिमुरडी माझ्यासमोर मांडी घालून बसली होती. "मी अभ्यास करतेय," असं स्वतःलाच सांगत टकटक करत होती. तेवढ्यात दुसरी आली आणि म्हणाली, "मला दे." मेरेने लगेच हात उचलले. घरी शिकवलं होतं तसंच. ओठ मात्र दाबलेले होते.

रोतिया झाडत होती. तिने झाडू खाली ठेवला.

"थांब गं," ती त्या दुसरीला म्हणाली. "आधी तिचं होऊ दे."

मुलं बघतच राहिली. नवी बाईसुद्धा वळून बघायला लागली. त्या छपराखाली असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. मेरेने पुन्हा माझ्यावर बोटं ठेवली.

मित्रांनो, तुम्ही खुशाल मागा. मागण्यात लाज नाही आणि देण्यात तर नाहीच नाही. फक्त हात पुढे करण्याआधी समोरच्याला एवढं विचारा, "तुझं झालं का?" माझ्या रोतियाला ते कुणीच विचारलं नाही.