तीन दिवसांचं पाणी

"चाखू नकोस गं, अजून झाला नाहीये," सिग्नी म्हणाली, पण तोवर माझा काटा पातेल्यात गेला होता. आमच्या बेटावर दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात कोणी दार वाजवून जात नाही, आणि खारवलेला मासा चुलीवर असला तर चाखल्याशिवाय बाहेरही पडत नाही. मी तिची उरलेली लोकर परत द्यायला आले होते. शनिवारची दुपार होती.

मासा जिभेवर ठेवला आणि मी तशीच उभी राहिले. त्यात मीठ जवळजवळ नव्हतंच.

सिग्नीची आणि माझी मैत्री शाळेपासूनची. कॉड मासा चिरून मिठात थरावर थर रचायचं कामही आम्ही एकाच टेबलाशी शिकलो. तिला मासा दीड दिवस भिजवलेला लागतो, चांगला खारट. मलाही तसाच आवडायचा. पण अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याचं, ओडवारचं मीठ तोडलं. तेव्हापासून मीठ पाण्यात उतरून जावं म्हणून मी मासा तीन दिवस भिजत घालते, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलते, आणि त्याच्याबरोबर तसलाच खाते. यावरून सिग्नीने माझी किती टर उडवली असेल! "तीन दिवस? अगं, त्यापेक्षा जुना मोजा उकडून घाल त्याला!" असा मासा बेटावर फक्त माझ्याच घरी शिजतो, असं मी समजत होते.

टेबलावर दोन ताटल्या मांडलेल्या होत्या.

"कोण येतंय जेवायला?"

"भाऊ."

तिचा भाऊ म्हणजे खारट माशावरही वरून मीठ भुरभुरवणारा माणूस. "त्याला हल्ली अळणी चालतं वाटतं?"

"वय झालं ना त्याचंही," असं म्हणून ती पाठमोरी झाली आणि बटाट्यांना सुरी टोचून पाहू लागली. ते कधीचेच शिजले होते.

तीन दिवस म्हणजे हा मासा बुधवारी पाण्यात पडला. आणि "उद्या बोटीच्या इंजिनाचा भाग आणायला पलीकडे क्रिस्तियानसुंद शहरात जातोय, जेवायला माझी वाट बघू नकोस," हे ओडवारने मला सांगितलं शुक्रवारी. माझ्याआधी दोन दिवस तिला ठाऊक होतं.

मला रडू आलं नाही, संताप आला. नवऱ्याचा तर आलाच, पण तिचा जास्त. माझी थट्टा करता करता बाई माझीच रीत शिकून बसली होती.

लोकर मी टेबलावर ठेवली. "बटाटे उतरव आता, फुटतील," म्हटलं आणि निघाले.

घरी येऊन तळघरातल्या पिंपातून दोन तुकडे काढले, मीठ झटकलं आणि पाण्यात टाकले. संध्याकाळी ओडवार आला.

"मिळाला का भाग?"

"सोमवारी येईल म्हणाले."

"आणि जेवलास काय?"

"काही नाही गं, एक पाव खाल्ला. पण आता भूक नाहीये."

रविवारी संध्याकाळी मी बटाटे आणि गाजरं उकडली, डुकराच्या चरबीचे तुकडे खरपूस तळून माशावर ओतले. त्याने पहिला घास घेतला आणि पेलाभर पाणी एका दमात संपवलं.

"गुनवोर, पाणी बदलायला विसरलीस की काय? तोंड पोळलं माझं."

"विसरले नाही. हा कालच भिजवलाय. तीन दिवसांचा सिग्नीकडे असतो."

रिकामा पेला त्याच्या हातातच राहिला. मी थांबले. एकदा जरी तो म्हणाला असता, 'काहीतरीच काय बोलतेस,' तरी मी कदाचित विश्वास ठेवला असता, इतकी मी मूर्ख आहे. त्याने पेला खाली ठेवला, काटा उचलला आणि दुसरा घास घेतला.

मी पाण्याचा जग त्याच्याकडे सरकवला नाही. माझ्या ताटलीत अकरा वर्षांनी मला आवडतो तसा मासा होता. मी तो सावकाश, कातडीसकट संपवला.