पऱ्हाटीतून गेलं विमान

बशीरभाईंनी विमानाची रुंदी मोजली, पांदणीची रुंदी मोजली, आणि वळण मोजायचं विसरले.

नेरच्या बाहेर, मोठा रस्ता सोडून पांदण त्यांच्या गॅरेजकडे वळते, तिथं सकाळी नऊला ट्रेलर थांबला. ट्रेलरवर पन्नास जणांचं जेट विमान, पंख काढलेलं, न्हाऊन बसलेल्या बाईसारखं उघडं-उघडं. पंख कालच दुसऱ्या गाडीनं येऊन गॅरेजमागं निजले होते. बशीरभाईंची चाळीस वर्षं ट्रकांच्या पोटाखाली गेलेली; पण ट्रक कितीही लांब असो, कमरेत वाकतो. हे वाकेना.

ड्रायव्हर गुलाबसिंग खाली उतरला. "भाऊ, त्या कोपऱ्यातून काढावं लागते. पाचच्या आत खाली करा, नाही तर मी चाललो माघारी. उद्या हाच ट्रेलर वणीले लागते."

माघारी म्हणजे नागपूरचं भंगाराचं आवार. आज उतरलं नाही तर सौदा मोडला. तिथं गॅसकटर तयारच होता. अतियाच्या तोंडचं पाणी पळालं. बशीरभाईंची ही लेक सात वर्षं नागपूरला याच विमानाची देखभाल करत होती. कंपनी बंद पडली तेव्हा तिनं अब्बांपाशी हट्ट धरला की हे आपण घेऊ, गॅरेजमागं उभं करू, इकडच्या पोरापोरींना त्याच्यावर विमानाचं काम शिकवू.

कोपरा पुंडलिकरावांच्या शेताचा. पऱ्हाटीवर शेवटच्या वेचणीचा कापूस फुटून पांढरा झालेला.

"पुंडलिकभाऊ, पऱ्हाटीच्या चाळीस ओळी, चाळीस तासं फक्त," बशीरभाई म्हणाले.

"साऱ्या नेरले चहा पाजून सांगतलं, विमान येऊन राह्यलं म्हणून. मले इचारलं का? हाती आला कापूस चाकाखाली घालू? मंगळवारी वेचणी हाये. मंगळवारनंतर रेल्वे न्या इथून."

"मंगळवारी ट्रेलर कुठून आणू?"

"ते मले कायले इचारता."

दोघांचं असं चाललेलं असताना पुंडलिकरावांची बायको तानाबाई विमानापाशी गेली होती. गुरांच्या बाजारात गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा तिनं विमानाच्या पोटावरून हात फिरवला. एका ठिकाणी रंग खरवडला होता. पांढऱ्याखाली हिरवा, हिरव्याखाली निळा, निळ्याखाली लाल.

"एवढे रंग काहून वं बाई?"

"जसे मालक तसे रंग, काकू," अतिया म्हणाली. "बर्फाच्या देशातून निघालं, मंग वाळूच्या, मंग आपल्याकडं. बावीस वर्षांत चार मालक झाले."

"चांगले होते का?"

"एकानंही याले डोळ्यानं पाह्यलं नाही. कागदावर घेत, भाड्यानं देत, कागदावरच विकत."

"अन् राह्यलं कोणापाशी?"

"कोणापाशीच नाही. उतरलं का पुन्हा उडायचं. एकोणतीस हजार चारशे खेपा केल्या यानं. जितक्यांदा उडलं तितक्यांदा नीट उतरलं. वहीत एकेक खेप लिहेल हाये."

तानाबाई हळूच, जात्यावर बसल्यासारखी, गुणगुणली:

अभाळाची वाट, वाटेत ना गाव
लेकीच्या सासराचं, कोणी सांगेना नाव

आणि नवऱ्याकडं वळली. "ऐकता का. चार घरं फिरून लेक आली, अन् तुमी तिले शिवेवर उभी ठेवली."

"लेक कायची. पत्रा हाये तो."

"पत्रा हाये तर सकाळपासून काहून टुकूटुकू पाहून राह्यले?"

जमलेले लोक हसले. विमान पाहायला दोनशे माणूस तरी लोटलं होतं. तानाबाईनं पदर खोचला.

"हसता काय? फुकटात पाहाले आले का? तास धरा अन् वेचा. कापूस घरात, मंग विमान दारात."

आधी बायका उतरल्या, मग माणसं. कोणी ओढणीची ओटी केली, कोणी खांद्यावरच्या दुपट्ट्याची. एका मास्तरांनी पिशवीतल्या वह्या काढून बशीरभाईंच्या हाती दिल्या आणि पिशवीत कापूस भरला. पुंडलिकराव अजून घुश्शात होते, पण कापूस आपला, तेव्हा लक्ष द्यायलाच हवं.

"पत्ती येऊ देऊ नका वो बाया. अन् बशीर, तू हात लावू नको. ऑइलाचा कापूस कोण घेईन? तू पऱ्हाट्या उपट."

बशीरभाई वह्या शर्टात खोचून निमूट उपटायला लागले. पलीकडच्या तासातून एक बाई गायली:

विमान आलं शिवे, बशीरभाऊचा तोरा
वळण मोजाले, इसरला म्हातारा

हसण्याची लाट शेताच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत गेली. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते पुंडलिकराव, आणि हसल्यावर माणसाला घुश्शात परतणं कठीण जातं.

तीनला कोपरा मोकळा झाला. ट्रेलर वळला, अर्ध्यात आला, आणि मागचं चाक काळ्या मातीत बसलं. गुलाबसिंगनं घड्याळ पाहिलं. अतियानं विमानाच्या अंगावर हात टेकला. सात वर्षं उड्डाणाआधी टेकायची तसा.

"पऱ्हाट्या टाका चाकाखाली," पुंडलिकराव ओरडले. "बैलबंडी फसली तर काय करता? बंडीच हाये हे, थोडी मोठी."

स्वतःच्या हातानं त्यांनी पहिली मोळी घातली. पऱ्हाट्या कडकडल्या, चाक वर आलं. पावणेपाचला गॅरेजमागं, सकाळपासून ताटकळलेल्या क्रेननं विमान लाकडी ओंडक्यांवर अलगद ठेवलं. गुलाबसिंग रिकामा ट्रेलर घेऊन वणीच्या वाटेला लागला, तेव्हा बशीरभाई मास्तरांच्या वह्या छातीशी धरून तिथंच मटकन बसले आणि बराच वेळ नुसते हसत राहिले.

अतियानं शिडी लावली. तासं वेचलेल्या बायका आधी. लुगड्यांना कापूस चिकटलेला, पायांना काळी माती. पन्नास खुर्च्या पाहता पाहता भरल्या. अतियानं दार ओढून घेतलं. बायकांनी खुर्च्यांचे हात घट्ट धरले होते.

बाहेरून दारावर थाप पडली. पुंडलिकराव होते.

"अवं, किती वेळ? मले येऊ द्या आत."

तानाबाईनं खिडकीच्या काचेला नाक लावलं आणि तिथूनच ओरडून सांगितलं, "थांबा जरा. आमी उडून राह्यलो."