बाहेर जाणाऱ्या बायका

बाबा दर वर्षी सहा महिने माझ्याकडे सिंगापूरला असायचे. आई गेल्यापासूनचा हा रिवाज. पुण्याच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस बुओना व्हिस्टाच्या फ्लॅटमध्ये रमणार कसा, ही माझी काळजी जपानी मालिकांनी मिटवली. सामुराईंच्या काळातल्या, इंग्रजी सबटायटल्सच्या. मी ऑफिसातून येईपर्यंत त्यांचे दोन भाग बघून होत आणि जेवताना ते मला त्यांतल्या चुका सांगत. मांडीवर वही असे.

त्यांना सगळ्यात आवडलेली गोष्ट सरदारांच्या हजेरीची. तिथल्या प्रत्येक सरदाराला एक वर्ष स्वतःच्या मुलखात आणि एक वर्ष राजधानीत राहावं लागे. तो मुलखात परतला, तरी बायकामुलं राजधानीतच राहायची. ओलीस. बाबांना लगेच मोगलांच्या छावणीत वाढलेले शाहू महाराज आठवले. रस्त्यांवर नाके असत आणि नाकेदार दोनच गोष्टी शोधत: आत येणाऱ्या बंदुका आणि बाहेर जाणाऱ्या बायका. एका भागात परवाना नसलेल्या बाईचे केस सोडून तपासणारी म्हातारी होती. तो प्रसंग बाबांनी मला दोनदा दाखवला.

मग ते स्वतःला सरदार म्हणवून घेऊ लागले. सहा महिने राजधानी, सहा महिने मुलूख. "आणि ओलीस तू," असं चांगी विमानतळावर निरोप घेताना म्हणायचे.

२०१६च्या ऑगस्टमध्ये ते पुण्यात होते. सुरेखाआत्याचा फोन आला की दादाला धाप लागते, डॉक्टरांनी अॅडमिट व्हायला सांगितलंय, येऊन जा. तांजोंग पगारच्या आमच्या ऑफिसात त्या महिन्यात नवी सिस्टिम सुरू व्हायची होती आणि ती सुरळीत झाली तर विभाग माझ्याकडे येणार होता. रजा मी मागितलीच नाही. मागितली असती तर मिळाली असती.

बाबांना फोनवर सांगितलं, की माझा एम्प्लॉयमेंट पास नूतनीकरणाला गेलाय आणि तो येईपर्यंत देशाबाहेर पडता येत नाही. पास येऊन तीन आठवडे झाले होते.

फोनमध्ये त्यांची धाप ऐकू येत होती.

"नाक्यावर अडवलं म्हण की."

"हो बाबा. महिनाभर फक्त."

"बरं. नाकेदाराशी वाद घालू नकोस."

त्या फोननंतर अकराव्या दिवशी ते गेले. त्याच दुपारी मी चांगीला पोचले. स्वयंचलित गेटवर पासपोर्ट ठेवला, अंगठा टेकवला, गेट उघडलं. पाच सेकंद लागले असतील. मागच्या माणसाची बॅग माझ्या पायाला लागेपर्यंत मी तिथेच उभी होते.

पुण्यात भेटायला येणाऱ्यांना सगळं आधीच ठाऊक होतं. बाबांनी हॉस्पिटलात डॉक्टरांपासून शेजारच्या खाटेवरच्या पेशंटपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की मुलगी यायला तडफडतेय पण तिथलं सरकार सोडत नाही. लोक माझा हात हातात घेऊन त्या सरकारला नावं ठेवत. मी मान हलवत होते.

चौदाव्या दिवशी बॅग भरताना आत्याने विचारलं, "परत आत घेताना तरी त्रास देत नाहीत ना गं?"

"आत्या, मला कुणी अडवलं नव्हतं."

ती बाबांचे सदरे घड्या घालून पिशवीत भरत होती. हातातली घडी तिने पूर्ण केली.

"हे आणखी कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "तो सगळ्यांना तसं सांगून गेलाय." मग बाबांची वही माझ्या बॅगेत ठेवली.

वही मी इथे आल्यावर उघडली. पोशाख, तलवारी कमरेला लावायची पद्धत, भाताची मापं. मालिकांतल्या चुकांपुढे लाल शाईच्या फुल्या, शाळेतल्यासारख्या. शेवटच्या पानावर आमच्या फोनच्या दुसऱ्या दिवसाची तारीख होती. अक्षर हललेलं.

"१८६२ साली हजेरीचा नियम सैल झाला. ओलीस बायकामुलांना आपापल्या मुलखात जायची मोकळीक मिळाली. राजधानीतले वाडे ओस पडले, असं पुस्तकं म्हणतात. सगळीच गेली असतील असं वाटत नाही. जन्म तिथे गेलेला, मुलूख बघितलेलाही नाही. काही राहिली असतील. त्यांना दोष देता येणार नाही."

शेवटचं वाक्य आधी खोडून पुन्हा लिहिलं होतं. पुढे लाल फुली नव्हती.

सप्टेंबरात विभाग माझ्याकडे आला. रजा आता मीच मंजूर करते.