दाटीत आवाज करायचा असतो

गिरणाऱ्याच्या सावळीरामला केर्न्स काडीचं आवडलं नाय. पोरगा शेखर तिकडं ऑस्ट्रेलियात नोकरीला, म्हणून गेला महिनाभर. पण खरं काम एकच. सात वर्षांची नात आरोही नाताळच्या सुट्टीत आपल्या मळ्यात आणायची. शेखर ऐकेना. "बाबा, गिरणाऱ्याला बिबटे फिरतात. मी नाही पाठवणार."

आन शहर तरी कसलं? अंगाला नुसती चिकचिक. जपानी, पंजाबी, फिलिपिनो, गोरे, साऱ्या मुलखाची माणसं गोळा झालेली, आन बघतात काय? झाडं! आपल्या बांधाला फुकट उगवतात तसली. त्याला तिकीट.

एक दिवस शेखरनं आजा-नातीला जंगलात नेलं. फळ्यांची वाट, पुढं गाईड, मागं वीस माणसं. सगळी मुकी. दोन तास एका पक्ष्यासाठी ताटकळली. सावळीराम मनात म्हणाला, एवढा वेळ उभी राहिली असती तर दोन एकर टमाटे खुडून झाले असते.

तेवढ्यात झाडीत खसखसलं.

घरी उसाकडं जाताना सावळीराम खाकरतो, टाळ्या वाजवतो, मोबाइलवर भजन मोठ्यानं लावतो. उसात बिबट्या असला तर आधीच बाजूला होतो. इथंही हात आपोआप चालले. आरोहीला पाठीमागं ओढलं, भजन लावलं, टाळ्या पिटल्या.

"अय! हो बाजूला! माणसं हायेत!"

निळ्या मानेचा, माणसाएवढा पक्षी क्षणभर दिसला आन झाडीत पळाला. वीस तोंडं वळली.

"बाबा! लाज आणलीत!" शेखर दात खाऊन म्हणाला.

"झाडीच्या दाटीत आवाज करायचा असतो. एवढंबी शिकवलं नाय का या लोकांना?"

गाईड मात्र हसला, काहीतरी बोलला. आरोहीनं सांगितलं, "आजोबा, हे म्हणतात, तो पक्षी चिडला तर लाथेनं पोट फाडतो."

सावळीरामनं मोबाइल बंद केला. शेखरकडं बघितलं, खालपासून वरपर्यंत.

"पोट फाडतो. आन तू पैसे भरून पोरीला त्याच्या तोंडाशी उभी केली. तीबी मुकाट. मला बिबट्याचं सांगतो व्हय रं?"

"इथं गाईड असतो, बाबा."

"तिथं आज्जा असतो. पन्नास वर्षांच्या सरावाचा गाईड, बिनपगारी."

शेखर म्हणाला, "बघू नाताळचं."

"बघायचं काय त्यात? इथं उभ्या उभ्या विमानाचं तिकीट काढ."

शेखरनं खिशातून मोबाइल काढला. "पण ती उसाकडं जाणार नाही."

"माझ्याबिगर नाय जाणार," सावळीराम म्हणाला, आन आरोहीचं बोट धरून त्या मुक्या माणसांना वलांडून निघाला.